मागचे पॅड, आतला पॅड

तर मंडळी, विषय जाहीर झालाय ‘मागचे डिस्क ब्रेक पॅड घरच्या घरी’, आणि ते सगळं सांगणार आहे, क्रमाने सांगणार आहे (चाकाबरोबर फिरते ती डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी दाबतात ते पॅड, आणि त्यांना धरून बसतो तो कॅलिपर), पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. मागच्या ब्रेककडे कोणी धड बघतच नाही. ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं, त्यामुळे थांबवायचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, हे बरोबरच आहे. पण म्हणून मागचे पॅड गाडीबरोबर आले आणि गाडीबरोबरच जाणार असं लोकांनी गृहीतच धरलंय. हल्ली ब्रेकचं वाटप कॉम्प्युटर करतो आणि तो मागच्यांना चांगलंच राबवतो, काही गाड्यांत तर मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपतात.

आता मेव्हण्याचा किस्सा. (काहींनी ऐकलाय, त्यांनी हसायची जागा आली की हसा, बाकीच्यांना कळेल.) त्याचा फोन आला, भावोजी, मागून खर्रर्र येतंय, गॅरेजवाला म्हणतो काही नाही. म्हटलं त्याने बघितलं कसं? तर म्हणे वाकून चाकाच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, साहेब पॅड भरपूर आहे, धूळ असेल, आणि वर ब्रेक पाण्याने धुऊन दिले! आम्ही चाक काढलं. बाहेरचा पॅड खरंच भरपूर, निम्म्याहून जास्त शिल्लक. कॅलिपर उचलून आतला बाहेर काढला तर त्यावर घासायचा मसाला नावालाही नाही, नुसती लोखंडी पट्टी, आणि ती डिस्कवर इतकी घासलेली की नख फिरवलं तर रेघांत अडकत होतं. फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. मरतो तो आतला. मेव्हणा माझ्याकडे बघतोय, मी डिस्ककडे बघतोय, आणि दोघांच्याही डोक्यात खर्चाचा एकच आकडा.

असं का होतं? बहुतेक गाड्यांच्या मागच्या कॅलिपरला पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट्या रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर आत सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना गंजल्या, ग्रीस सुकलं, की कॅलिपर सरकतच नाही आणि आतला एकटा घासत बसतो. मेव्हण्याच्या गाडीची खालची पिन हाताने हलेना, पान्याने हळूहळू फिरवत काढली तेव्हा निघाली, त्यावर ग्रीसच्या जागी तपकिरी भुसा. वर पिस्टनचं रबर फाटलेलं, आधी कोणीतरी प्लायरने पकडून पिस्टन फिरवायचा पराक्रम केलेला. म्हणजे पॅड बदललेले, पिना कोणी उघडल्याच नव्हत्या. माझं म्हणणं एवढंच की हे काम पिनांचं आहे, पॅड त्यातला सोपा भाग.

कोणीतरी विचारलं, आवाज नेहमीच वाईट का? नाही, बऱ्याच पॅडना एक पातळ पत्रा मुद्दाम लावलेला असतो, पॅड संपत आला की तो डिस्कला लागून किंचाळतो. तसं किंचाळणं या ब्रेकच्या रक्तातच आहे म्हणा, फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने 1902 मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा घर्षणाला तांबं वापरलं होतं आणि आवाज भयंकर यायचा. पुढे 1953 ला जॅग्वारने डिस्क लावून फ्रान्समधली ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली...

बरं, चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. पळतो आता.

सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, पुढच्या चाकांना सरकू नयेत म्हणून ओट, आणि हँडब्रेक सोडलेला, कारण बऱ्याच गाड्यांत तो याच पिस्टनवर चालतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक, मग स्टँड, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. कॅलिपर काढलात तर तारेने टांगा, होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवू नका. धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही नाही, ब्रेक क्लीनर मारून पुसा. पिना बाहेर, स्वच्छ, त्यांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

मग पिस्टन. पुढच्यासारखा शिकंजा लावून सरळ दाबू नका, हँडब्रेकवाला पिस्टन फिरवत फिरवत आत जातो, त्याचं टूल मिळतं, सहसा घड्याळाच्या दिशेने, पण काही गाड्यांत एका बाजूला उलटा, मॅन्युअल बघा. डिस्कच्या आत हँडब्रेकचे वेगळे शू असतील तर मात्र सरळच जातो. पिस्टन आत गेला की वर डब्यातलं ब्रेक ऑइल चढतं, सांडलं तर रंग खातं, फडकं गुंडाळा. पिस्टनवर खाचा असतील तर आतल्या पॅडच्या पाठीवरचा खुंट त्यात बसला पाहिजे, नाहीतर पॅड तिरका बसतो आणि तिरकाच झिजतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेली असेल तर डिस्कही बदला. बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे नेमक्या जोराने आवळा. दोन्ही बाजू बदलायच्या, पण एकेक करून, दुसरी बघायला तशीच राहते.

आणि गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा, पहिल्यांदा ते थेट तळाला जातं! मग रिकाम्या रस्त्यावर पन्नासवरून दहावर, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, म्हणजे पॅड डिस्कवर बसतात.

हो हो, बटणाचा हँडब्रेक, विसरलो नाही. तिथे कॅलिपरवर मोटर असते, स्कॅनर लावून किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यायचं, मोटर मागे गेली की पिस्टन ढकलायचा, जबरदस्ती केली तर आतले गिअर जातात आणि मग पॅडचं सोडा, अख्खा कॅलिपर घ्यावा लागतो. ही पद्धत गाडीगणिक वेगळी आहे, तुमचं मॉडेल सांगा, खाली उतरल्यावर बघू.