शनिवार कुणाचा?

(दिवाळी मेळावा, कोलंबस, ओहायो, २५ ऑक्टोबर २०२५. भाषणाचा संपादित मजकूर.)

मंडळी, नमस्कार.

आधी एक गुपित फोडतो. आजची तारीख आपल्या कार्यकारिणीने पंचांग बघून काढलेली नाही. गेल्या शनिवारी बकाइज, म्हणजे आपल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, विस्कॉन्सिनला होते, पुढच्या शनिवारी पेन स्टेट इथे येतंय, मधला हा एक शनिवार मोकळा, म्हणून आज दिवाळी. या गावात चतुर्थी चुकली तर चालते, ओहायो स्टेटचा घरचा सामना चुकवून चालत नाही. जुन्या मंडळींना आठवत असेल, एका वर्षी आपण हे विसरलो होतो. हॉलमध्ये दीडशे माणसं आरती म्हणून बसली होती आणि प्रसादाचे मोदक ३१५ नंबरच्या महामार्गावर गाड्यांच्या रांगेत अडकले होते. मोदक आणणाऱ्या वहिनी फोनवर सांगत होत्या, "अहो, पुढच्या गाडीतले लोक छतावर चढून नाचताहेत!"

तर आज मला फुटबॉलवर बोलायला सांगितलंय. खेळातलं मला फार कळतं असं नाही. मी हिशेब तपासणारा माणूस. पण एकोणतीस वर्षं या गावात काढल्यावर तेवढं कळायला लागतं.

मी १९९६ च्या सप्टेंबरमध्ये इथे शिकायला आलो. पहिल्याच शनिवारी सकाळी सातला खिडकीखाली एवढा गोंगाट झाला की मला वाटलं दंगल पेटली. पडदा सारून पाहिलं तर घरमालक अंगणातल्या हिरवळीवर उभा राहून पुठ्ठ्याची पाटी हलवत होता आणि एकेक गाडी दहा डॉलर घेऊन आत घालत होता. एरवी त्या हिरवळीवर सायकल टेकवली तरी ओरडायचा. दुपारी स्टेडियममध्ये गेलो. घोड्याच्या नालेसारखं ते स्टेडियम, १९२२ सालचं, आत लाखभर माणसं. बँडने चालत चालत मैदानावर वळणदार अक्षरात 'ओहायो' लिहिलं आणि एक भलं मोठं पितळी वाद्य गळ्यात घेतलेला मुलगा डोलत डोलत जाऊन शेवटचं टिंब होऊन उभा राहिला. लाख माणसं त्या टिंबासाठी ओरडली. मी त्या क्षणी बाटलो, हे मान्य करतो.

पहिल्या दोन रांगांत भारतातून आलेले आई-बाबा बसलेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. ही खेळणारी पोरं कॉलेजात शिकणारी, अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची. अमेरिकेत अव्वल संघ कोण हे वर्षानुवर्षं पत्रकार आणि प्रशिक्षक मतं देऊन ठरवायचे. मग १९९८ पासून संगणकाचे गुण त्यात आले. २०१४ च्या हंगामापासून चार संघांचा प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, सुरू झाला. पहिलं विजेतेपद आपलंच. आणि गेल्या वर्षीपासून बारा संघ. चारांत भांडणं होतीच. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट तेराच्या तेरा सामने जिंकूनही बाहेर राहिलं, कारण त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल ठरवून चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जखमी झाला होता. म्हणजे बारा करण्याला कारण होतं. पण ते कारण एकटं नव्हतं. ईएसपीएन या क्रीडावाहिनीने या प्लेऑफसाठी जो करार केलाय तो सहा वर्षांना ७.८ अब्ज डॉलरचा. वर्षाला साधारण १३० कोटी डॉलर. एवढे पैसे मोजणारा माणूस तीनच सामने घेऊन घरी जात नाही. आता अकरा होतात.

गेल्या वर्षी आपल्याला त्याचा फायदा झाला, हेही सांगायला हवं. ३० नोव्हेंबरला आपण आपल्या कट्टर वैऱ्याकडून, मिशिगनकडून, १३-१० हरलो. माझ्या शेजाऱ्याने दोन दिवस घराबाहेर तोंड काढलं नाही. जुन्या पद्धतीत तिथेच हंगाम आटोपला असता. पण बारांत जागा मिळाली, २१ डिसेंबरला कडाक्याच्या थंडीत आपल्याच मैदानावर टेनेसीला ४२-१७ हरवलं, मग ओरेगॉन, टेक्सास आणि २० जानेवारीला अटलांटात नोट्र डेम. विजेते! त्यामुळे इथे उभं राहून प्लेऑफला नावं ठेवली तर मला गाडीपर्यंत नीट जाता येणार नाही.

आणि मुलांना पैसे मिळायला लागले, याचंही मला दुःख नाही. उलट फार उशीर झाला. इथल्या लोकांना २०१० ची गोष्ट आठवते. मिशिगनला हरवलं की आपल्या प्रत्येक खेळाडूला एक छोटंसं सोन्याचं पदक देतात, फुटबॉलच्या विजारीच्या आकाराचं. गोल्ड पँट्स. आपल्या पाच पोरांनी ही पदकं, अंगठ्या, जर्सी असं काहीबाही विकलं, आणि काहींनी त्या ओळखीवर गोंदवून घेतलं. स्वतःची वस्तू विकली, हा गुन्हा! पाचही जणांवर पुढच्या हंगामातल्या पाच सामन्यांची बंदी आली. पुढे मे २०११ मध्ये प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना राजीनामा द्यावा लागला, त्या हंगामातले विजयही वहीतून खोडले गेले. आता यातली मेख ऐका. बंदी पुढच्या हंगामात. मधे जानेवारीत न्यू ऑर्लिन्सला शुगर बोल हा हंगामाअखेरचा मोठा सामना होता, एका विमा कंपनीच्या नावाचा, सगळ्या देशाला टीव्हीवर दिसणारा. त्यात ते पाचही जण खेळले! गुन्हा डिसेंबरमध्ये उघड झाला, शिक्षा सप्टेंबरमध्ये, आणि मधला कमाईचा सामना तेवढा सोवळा. मी हिशेब तपासणारा आहे म्हणालो ना, अशी नोंद कुणी माझ्यापुढे ठेवली असती तर मी वही बंद करून साहेबांना बोलावलं असतं.

इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नऊ विरुद्ध शून्य निकाल दिला की कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएने मुलांच्या शिक्षणाशी निगडित लाभांवर घातलेली बंधनं कायद्यात बसत नाहीत. त्याच जुलैपासून पोरांना आपलं नाव आणि चेहरा विकून कमवायची मोकळीक मिळाली. आणि या जूनमध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंच्या खटल्यात जी तडजोड मंजूर केली तिच्यामुळे विद्यापीठं आता थेट खेळाडूंना पैसे देतात, या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला कमाल २ कोटी ५ लाख डॉलर. जुन्या खेळाडूंची सुमारे २.८ अब्ज डॉलरची थकबाकी वेगळी. कुणी म्हणेल, विद्यार्थी नोकर झाले. अहो, प्रशिक्षक रायन डे यांना वर्षाला सव्वा कोट डॉलर मिळतात तेव्हा कुणाला शिक्षणाची काळजी वाटली नाही, ती पोरांच्या खात्यात पैसे पडल्यावरच कशी वाटते?

माझी तक्रार आहे ती वेगळ्या जागी. ती आहे शनिवारची.

१९८४ पर्यंत एखादा संघ टीव्हीवर किती वेळा दिसायचा हे एनसीएए ठरवायची, कारण सगळे टीव्हीवर आले तर स्टेडियमं ओस पडतील अशी भीती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी खटला भरला आणि ते जिंकले, सात विरुद्ध दोन. विरोधात मत देणारे एक न्यायमूर्ती होते बायरन व्हाइट. गंमत म्हणजे नऊ जणांत कॉलेज फुटबॉलचा खराखुरा नामांकित खेळाडू तेच होते. कायद्याने बहुमत बरोबर असेल, मी वकील नाही. पण त्या दिवसापासून ज्याची प्रेक्षकसंख्या मोठी त्याचा भाव मोठा, आणि भाव वाढवायचा तर आपापसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट मोठा करा, हे गणित सुरू झालं. आपला गट बिग टेन. त्यात आज अठरा संघ आहेत. नाव बदलायचं कुणाच्या मनातही येत नाही. आपल्याकडे पेठेला शनिवार म्हणतात म्हणून तिथे सोमवारी दुकानं बंद नसतात, तसं.

या अठरांत लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं आहेत, ओरेगॉन आहे, सिअॅटल आहे. महिन्यापूर्वी आपला संघ गटातला सामना खेळायला सिअॅटलला गेला, तीन हजारांहून जास्त किलोमीटर. फुटबॉलवाल्यांचं ठीक आहे, त्यांना खास विमान असतं. पण याच गटात व्हॉलीबॉल आणि सॉकरच्या मुलीही खेळतात, आणि त्यांना मंगळवारी सकाळी वर्गात बसायचं असतं. तिकडे पॅसिफिक किनाऱ्यावरचा शंभरेक वर्षांचा जुना गट दोन वर्षांत मोडला. स्टॅनफर्ड आणि बर्कली आज कुठे आहेत? अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. भूगोलाच्या पेपरात आपण असं लिहिलं असतं तर मास्तरांनी कान उपटला असता.

आता तर आपल्या गटातच एका गुंतवणूकदाराला भागीदार करून घ्यायची चर्चा चालू आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा निवृत्तिवेतन निधी सांभाळणारा विभाग दोन अब्ज डॉलरहून जास्त देणार, बदल्यात पुढच्या कमाईत वाटा. याला उघड विरोध कोण करतंय? मिशिगन! म्हणजे या विषयावर मी आणि मिशिगन एका बाजूला. आज हे कोलंबसमध्ये बोललो, घरी जाऊन आंघोळ करतो.

सामन्याची वेळही आता आपली नाही. तारीख वर्षभर आधी कळते, पण दुपारी बारा, साडेतीन की रात्री साडेसात, हे कित्येकदा वाहिन्या जेमतेम बारा दिवस आधी सांगतात, कधी सहाच दिवस. ऑगस्टच्या अखेरीला टेक्सासविरुद्धचा सामना, या वर्षातला सगळ्यात मोठा, भर दुपारी बाराला झाला, कारण वाहिनीला दुपारची वेळ हवी. अंतिम सामना सोमवारी रात्री, कारण जानेवारीतले शनिवार-रविवार व्यावसायिक एनएफएलचे. पैसा कॉलेजचा शनिवार विकत घेतो आणि त्याहून मोठा पैसा येऊन तोच शनिवार त्याच्याकडून काढून घेतो.

मैदानावर कधी गेलात तर एक माणूस नीट बघा. टीव्हीवर तो दिसत नाही. कडेच्या रेषेजवळ उभा असतो, हातात आकडे उलटे मोजणारी पाटी. चेंडू बाहेर गेला, कुणी गुण केला, की तो मैदानात चार पावलं आत येतो. खेळ थांबतो. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मुलीबरोबर गेलो होतो, थंडी मरणाची. बावीस पोरं कमरेवर हात ठेवून उभी, शिरस्त्राणांतून वाफा येताहेत. बँडने एक धून वाजवून संपवली. लाख माणसं हातमोजे चोळताहेत. पाटीवर एकशे दहा, एकशे नऊ. त्या वेळी तिकडे घराघरांत ट्रकच्या, विम्याच्या, कोंबडीच्या सँडविचच्या जाहिराती चालल्या होत्या. मुलगी म्हणाली, "बाबा, रेफरी का थांबलाय?" तो थांबला नव्हता, त्याला थांबवलं होतं. त्या माणसाने मागे पाऊल घेतल्याशिवाय शिट्टी वाजत नाही. घड्याळातला खेळ एक तासाचा, सामना साडेतीन तासांचा, तो असा.

तुम्ही म्हणाल, आयपीएलमध्ये वेगळं काय आहे? काही नाही. ठाण्याच्या हंड्याही आपण पाहिल्यात; लाखांचं बक्षीस, वर नेत्याचा फलक, आणि थर लावणारी पोरं कुठल्या कुठल्या वाड्यांतली. फक्त तिथे कुणी म्हणत नाही की हा आमच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे.

आणि आपण तरी कोण? माझ्या मागे बघा. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगामागे घरं विकणाऱ्यांचा फलक, डावीकडे गृहकर्जवाले, उजवीकडे विमा. त्यांच्याशिवाय हॉलचं भाडं निघत नाही, खजिनदार म्हणून हे मी सही करून सांगतो. दोन वर्षांपूर्वी ठरलं होतं की फलक बाहेरच्या दारात लावायचे. मग ते आतल्या भिंतीवर आले. या वर्षी चौरंगामागे. पुढच्या वर्षी कुठे, हे बैठकीत बोलायला हवं, आणि त्या बैठकीला चारपेक्षा जास्त माणसं यायला हवीत.

चिटणीस मघापासून खूण करताहेत. फराळाआधीची पाच मिनिटं प्रायोजकांची आहेत, आणि त्यांनी हातात काहीतरी उंच धरलंय. चष्मा नाही माझ्याकडे, पण घड्याळच असावं.