खेकड्याची पिल्लं आणि समुद्राचा तळ

(दृश्य : ताम्हिणीचा ओढा, पावसाची भुरभुर)

पाऊस लागला की पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी-ताम्हिणीच्या ओढ्यांत खेकडे दिसू लागतात. पिल्लं असलेली मादी सापडली तर तिच्या पोटाच्या झाकणाखाली पाहा. इवलेइवले खेकडे दाटीनं बसलेले असतात. समुद्री खेकड्याचे डिंभक, म्हणजे अंड्यातून निघालेली, आईबापांहून वेगळी दिसणारी पिल्लं, प्रवाहाबरोबर वाहत जातात. सह्याद्रीतल्या या खेकड्यांत तो टप्पाच नाही. पिल्लू आईपासून फार लांब जात नाही. म्हणून इथल्या कित्येक जाती एखाद्याच डोंगरभागात सापडतात. आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रातल्या संशोधकांनी अशा अनेक जाती नोंदवल्या आहेत.

(दृश्य : अंधारा सागरतळ, उसळणारं काळं पाणी)

अटलांटिकच्या मधोमध पाण्याखाली पर्वतरांग आहे. तिथल्या भेगांतून तापलेलं, खनिजांनी काळं झालेलं पाणी उसळतं. त्या झऱ्यांवर रिमिकॅरिस एक्सोक्युलाटा ही कोळंबी हजारोंच्या झुंडीनं राहते. मोठी झाली की झरा सोडून तिला जगता येत नाही, आणि दोन झऱ्यांमध्ये शेकडो किलोमीटर अंतर असू शकतं. तरीही सुमारे ७,००० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या कोळंब्यांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा फरक जवळजवळ आढळलाच नाही. २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन गावांत सोयरिकी होत राहिल्या की गोतावळा एक होतो. जनुकीय प्रवाह म्हणजे तेच, आणि इथे ती सोयरीक जुळवतात वाहते डिंभक. अर्थात एवढ्या सारखेपणामागे ही कोळंबी अलीकडेच, म्हणजे उत्क्रांतीच्या मोजमापानं अलीकडे, पसरली हेही कारण असू शकतं.

युरिथेनिसचं मात्र वेगळं. खोल तळावर मेलेले मासे खाणारा, खेकडा-कोळंबीच्याच गोतावळ्यातला हा प्राणी पिल्लं पोटाखालच्या पिशवीत वाढवतो. जगभर तो एकच असं वाटायचं. डीएनएनं दाखवलं की एकसारख्या दिसण्याआड अनेक जाती लपल्या आहेत, आणि त्यांना अंतरापेक्षा खोली जास्त वेगळं करते. प्रशांत महासागरातल्या खोल मारियाना गर्तेतल्या एका नव्या जातीच्या पोटात प्लास्टिक मिळालं. २०२० मध्ये तिचं नावच युरिथेनिस प्लास्टिकस ठेवलं गेलं.

(दृश्य : हिंद महासागराचा नकाशा)

रिमिकॅरिसचे भाईबंद आपल्या हिंद महासागरातल्या झऱ्यांवरही आहेत. आणि २०१६ च्या करारानं भारताला याच महासागरातल्या पर्वतरांगांवर १०,००० चौरस किलोमीटर तळात अशा झऱ्यांभोवती साचणारी सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजं शोधण्याचा हक्क मिळाला आहे. उद्या एखादा झरा खणला गेला, तर कोळंबी परतेल की नाही हे डिंभक कुठून येतात त्यावर ठरेल. पिल्लं पोटाशी धरणाऱ्यांना परतणं त्याहून कठीण. कोणत्या झऱ्याचं कुणाशी नातं आहे, हे यंत्र खाली उतरण्याआधी तपासायला हवं.