लिंडा मार्टेलचा बाविसावा क्रमांक

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या गायिकेबद्दल बोलणार आहे, तिच्या नावावर एकच अल्बम आहे. 1970 सालचा, अकरा गाण्यांचा. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं तिचं नाव अमेरिकेतसुद्धा मोजक्याच लोकांच्या तोंडी होतं. लिंडा मार्टेल हे ते नाव.

जन्म 4 जून 1941चा, साउथ कॅरोलायना राज्यातल्या लीझव्हिल गावचा. खरं नाव थेल्मा बायनम. वडील दुसऱ्याच्या जमिनीत अर्धेलीनं राबायचे आणि चर्चमध्ये प्रवचन करायचे. आई कोंबड्यांच्या कत्तलखान्यात कामाला. पोर गायला शिकली ती चर्चमध्ये, आणि घरातल्या रेडिओनं तिला कंट्री म्हणजे काय ते ऐकवलं. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या राज्यांतल्या खेड्यापाड्यांचं गाणं. त्यात एक स्टील गिटार असते, सूर न तुटता एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर घसरत जातो. विविध भारतीवर हवाईयन गिटारवरच्या सिनेमातल्या धुना तुम्ही ऐकल्या असतील. हे वाद्य त्याच जातकुळीतलं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरा शेतकरी आणि काळा शेतकरी शेजारी शेजारी राबत होते आणि एकमेकांची गाणी उचलत होते. कंट्रीची ओळख झालेलं बँजो हे वाद्य तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडून आलेलं. पण 1920च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी विक्रीच्या सोयीसाठी दोन वेगळे कप्पे केले. काळ्या गायकांच्या तबकड्यांवर ‘रेस रेकॉर्ड्स’ अशी चिठ्ठी लागली, गोऱ्या ग्रामीण गायकांच्या तबकड्यांवर ‘हिलबिली’. पुढे पहिल्या कप्प्यातून रिदम अँड ब्लूज आणि सोल आलं, दुसऱ्यातून कंट्री. भिंत दुकानातली होती, गाण्यातली नव्हती. आणि तरी ती भिंत लिंडाच्या आयुष्याला पुरून उरली.

सुरुवात तिनं सोलच्या बाजूनं केली. घरच्याच मुलींना घेऊन गट केला, 1962मध्ये छोट्या कंपनीकडून तबकडी निघाली. लिंडा मार्टेल हे नाव एका रेडिओ निवेदकानं सुचवलेलं. तबकड्या फारशा खपल्या नाहीत. मग एकदा चार्ल्सटनच्या हवाई दलाच्या तळावर गाताना तिनं कंट्रीची काही गाणी म्हटली. ती एका फर्निचर विक्रेत्याच्या कानावर गेली. ड्यूक रेनर त्याचं नाव. तिला नॅशव्हिलला, म्हणजे कंट्रीच्या राजधानीत, नेण्याचा त्यानं ध्यासच घेतला आणि तिथे शेल्बी सिंगलटन या निर्मात्यापुढे तिला उभं केलं.

सिंगलटनच्या कंपनीचं नाव होतं ‘प्लँटेशन रेकॉर्ड्स’. प्लँटेशन म्हणजे ज्या मळ्यांवर तिचे पूर्वज गुलाम म्हणून राबले ते मळे! तिला ते खुपलं, तिनं बोलूनही दाखवलं. नाव बदललं नाही.

पहिलं गाणं निवडलं गेलं ते मला फार अर्थपूर्ण वाटतं. ‘कलर हिम फादर’. ‘द विन्स्टन्स’ या गटाचं हे सोल गाणं 1969च्या त्याच उन्हाळ्यात गाजत होतं. एक मूल आपल्या सावत्र वडिलांबद्दल सांगतं: सख्खे वडील युद्धात गेले, हा माणूस घरात आला, कष्ट करतो, आम्हाला शिका म्हणतो, मी त्यालाच बाप मानतो. (त्याच तबकडीच्या मागच्या बाजूला काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा होता, तो पुढे हिपहॉपवाल्यांनी हजारो गाण्यांत वापरला. ती गोष्ट वेगळ्या भाषणाची.) लिंडानं हेच गाणं स्टील गिटारच्या साथीनं म्हटलं. कुठेही ठिगळ लावल्यासारखं वाटत नाही. आवाज स्वच्छ, सरळ, शब्द एकेक कळतो. ती रडत नाही, रडवायलाही बघत नाही. गाणं बिलबोर्ड या अमेरिकी संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत बाविसाव्या क्रमांकापर्यंत चढलं.

त्याच ऑगस्टमध्ये ती ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या मंचावर गायली. 1925पासून नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरून चाललेला हा रेडिओ कार्यक्रम म्हणजे कंट्रीची पंढरीच. तिथे एकटीनं गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढे ती तिथे बारा वेळा गायली. याच ऑप्रीच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक होता डिफोर्ड बेली, माउथ ऑर्गन वाजवणारा काळा कलावंत. त्याला काढून टाकलं गेलं 1941 साली, लिंडाच्या जन्मवर्षीच.

गावोगावच्या कार्यक्रमांत मात्र प्रेक्षकांतून शिव्या यायच्या. त्या शिव्या रंगावरून असायच्या आणि ती गात असताना यायच्या. एका आयोजकानं तर गायिका काळी आहे हे कळताच कार्यक्रमच रद्द केला. ती गात राहिली. अल्बम एका दिवसात, बारा तासांच्या बैठकीत मुद्रित झाला. आणखी दोन गाणी यादीत गेली, एक तेहतिसाव्या क्रमांकावर, दुसरं अठ्ठावन्नाव्या. मग कंपनीनं आपलं सारं बळ जीनी सी. रायली या गोऱ्या गायिकेमागे लावलं. लिंडानं दुसरीकडे रेकॉर्ड करायचं ठरवलं तर खटल्याची धमकी आली. नॅशव्हिलची दारं बंद होत गेली. 1974च्या सुमारास तिनं ते शहर सोडलं.

इथे कोणी रे चार्ल्स या कृष्णवर्णीय सोल गायकाचं नाव घेईल. त्यानं 1962मध्ये कंट्रीच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला आणि सगळ्या जगानं तो डोक्यावर घेतला. खरं आहे, तो अल्बम मलाही प्रिय आहे. पण कंट्रीच्या यादीत त्या गाण्यांना तेव्हा जागा मिळाली नाही. चार्ली प्राइड हा कृष्णवर्णीय गायक कंट्रीत मोठा झाला, पण 1966मध्ये त्याच्या सुरुवातीच्या तबकड्या कंपनीनं फोटो न देता काढल्या, आधी आवाज आवडू दे म्हणून. लिंडाला पाहुणी म्हणून यायचं नव्हतं आणि चेहरा लपवायचाही नव्हता. तिला तिथे नांदायचं होतं. मला वाटतं, नॅशव्हिलला सोसलं नाही ते हेच.

पुढची वर्षं पोटापाण्याची. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात रेकॉर्डचं दुकान, फ्लोरिडात जहाजांवर गाणं. मग आजारी वडिलांसाठी ती गावी परतली आणि शाळेची बस चालवू लागली. त्या बसमधल्या किती मुलांना ठाऊक असेल, की स्टिअरिंगवर कोण बसलंय! शनिवार-रविवारी गाणं चालू होतंच, आसपासच्या छोट्या क्लबांत, पुन्हा सोल आणि रिदम अँड ब्लूज.

2020मध्ये रिसी पामर या कंट्री गायिकेनं आपल्या रेडिओ कार्यक्रमाला लिंडाच्या अल्बमचंच नाव दिलं, ‘कलर मी कंट्री’. आणि 29 मार्च 2024 रोजी बियॉन्से या कृष्णवर्णीय गायिकेचा ‘काउबॉय कार्टर’ हा अल्बम आला. त्यातल्या एका गाण्याची सुरुवात लिंडाच्या बोलण्यानं होते, आणि ती बोलते ती नेमकी संगीताच्या या कप्प्यांबद्दल. त्या गाण्यासाठी वयाच्या 83व्या वर्षी तिला पहिलं ग्रॅमी नामांकन मिळालं. तेही रॅपच्या विभागात! तोवर एकल कृष्णवर्णीय गायिकेनं कंट्रीच्या यादीत गाठलेला सर्वांत वरचा क्रमांक तिचाच होता, तो बाविसावा. तो मोडला बियॉन्सेनंच, त्याच वर्षी, थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन. मध्ये 55 वर्षं गेली.

तिचा अल्बम इंटरनेटवर सहज सापडतो. त्यातलं ‘बॅड केस ऑफ द ब्लूज’ आधी लावा. कंट्रीत योडल नावाचा प्रकार असतो, आवाज छातीतून उचलून एका झटक्यात वर फेकायचा आणि पुन्हा खाली घ्यायचा. लिंडा तो किती सहज घेते ते ऐका, आणि त्याच ओळीत चर्चमध्ये शिकलेली फिरत कशी डोकावते तेही. मग लगेच ‘कलर हिम फादर’ लावा, आधी विन्स्टन्सचं आणि मागोमाग लिंडाचं.

नमस्कार.