वायर तुमची, परवानगी कुणाची?

नमस्कार श्रोतेहो. आज फोनबद्दल बोलायचं नाही, फोनला जे जोडलं जातं त्याबद्दल बोलायचंय. चार्जर, केबल, इअरफोन, गाडीत लावायचा स्टँड. फोन आपण चार-पाच वर्षांतून एकदा घेतो, पण ही वरची मंडळी सारखी लागत राहतात. त्यातून आता महागड्या फोनच्या डब्यात चार्जरच देत नाहीत. पर्यावरणासाठी म्हणे! किंमत मात्र चार्जरसकटच असावी अशी. असो.

दुकानातला हा संवाद तुम्ही ऐकलाच असेल, संभाजीनगरच्या पैठण गेटला म्हणा, नाहीतर तुमच्या तालुक्याच्या बसस्टँडसमोर. गिऱ्हाईक म्हणतं, "केबल तर नवी आहे, मग चार्जिंग का होईना?" दुकानदार म्हणतो, "काका, केबलला काही झालेलं नाही. फोनच तिला घेईना गेलाय."

फोन केबलला नाही म्हणतो, म्हणजे काय? अ‍ॅपल कंपनीनं २०१२ साली आयफोन ५ बरोबर लाइटनिंग नावाची नवी पिन आणली. त्या पिनेत एक बारीक चिप होती. केबल लावली की फोन त्या चिपकडून ओळख मागायचा. ओळख पटली नाही की पडद्यावर सूचना यायची, ही केबल प्रमाणित नाही, नीट चालेलच असं नाही. आणि ती चिप हवी असेल तर लहान उत्पादकानं कंपनीच्या परवाना योजनेत जायचं. नमुना तपासायला द्यायचा, अटी मान्य करायच्या, पैसे मोजायचे, मग डब्यावर शिक्का मारायची मुभा. ही योजना २००५ सालची, आयपॉडच्या जमान्यातली.

तर प्रश्न असा, की मोठ्या कंपनीनं लहान उत्पादकावर असा परवान्याचा लगाम ठेवावा का? माझं मत आधीच सांगून टाकतो. तपासणी हवी. पण तपासणारा आणि विकणारा एकच नको. पुन्हा सांगतो, तपासणी हवीच, फक्त ती विकणाऱ्याच्या हातात नको.

हे मत माझं का झालं, त्यामागं एक गोष्ट आहे. मला ती फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गोष्ट अमेरिकेतली. तिथं एके काळी टेलिफोन म्हणजे एटी अँड टी. तारा त्यांच्या, खांब त्यांचे आणि घरातलं यंत्रसुद्धा त्यांचंच, भाड्यानं दिलेलं. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना हे नवं नाही. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, मग खात्याचा माणूस तो काळा फोन आणून बसवणार, आणि आपल्याला आपलं म्हणून काय लावता यायचं, तर डायलला कुलूप. शेजाऱ्यांनी एसटीडी लावू नये म्हणून! अमेरिकेत नियम याहून कडक होता. कंपनीनं न दिलेली कुठलीही वस्तू फोनला लावायची नाही. कारण काय, तर आमचं जाळं बिघडेल.

आता एका लहान कंपनीनं एक साधी वस्तू काढली होती, हश-अ-फोन. फोनच्या बोलायच्या तोंडावर बसवायची एक वाटी. ना तार, ना बॅटरी. त्या वाटीत तोंड घालून बोललं की शेजारच्या टेबलावर ऐकू जात नाही. (माझ्या मते ही वाटी आज एसटीत प्रत्येक सीटला बांधून ठेवायला हवी. जालन्यापासून परभणीपर्यंत एकेकाच्या घरची भांडणं ऐकत जावं लागतं, आणि वर मोठ्या आवाजात रील्स.) तर ह्या वाटीवरही टेलिफोन कंपनीनं बोट ठेवलं. प्रकरण सरकारी आयोगापुढं गेलं. आयोग कंपनीच्या बाजूनं! मग ते कोर्टात गेलं आणि १९५६ साली निकाल लागला. कोर्टाचं म्हणणं मोठं मजेदार होतं. माणूस हाताचा पंजा तोंडाभोवती धरून हळू बोलला तर चालतं. तेच काम वाटीनं केलं आणि हात लिहायला मोकळा राहिला तर चालत नाही, हा कुठला न्याय? वाटी सुटली.

पण खरा गडी पुढंच आहे. टेक्सासात डॅलसला टॉम कार्टर म्हणून एकजण होता. वायरलेस रेडिओची यंत्रं विकायचा. त्याची गिऱ्हाइकं कोण? तेलविहिरींवरची माणसं, लांब माळरानावर काम करणारी. तिथं कुठला टेलिफोन? मुकादम विहिरीवर, ऑफिस शहरात, आणि ऑफिसात फोन आला तर मुकादमाशी बोलणं करून द्यायचं कसं? कार्टरनं १९५९ च्या सुमारास एक पेटी बनवली. पेटीवर फोनचा रिसिव्हर ठेवायला खाचा. ऑफिसातल्या माणसानं रिसिव्हर उचलून त्या खाचांत ठेवायचा, बस. फोनवरचा माणूस बोलला की पेटी तो आवाज पकडून वायरलेसवर माळरानात पाठवणार. मुकादम बोलला की त्याचा आवाज रिसिव्हरच्या तोंडात सोडणार. लक्षात घ्या, एकही तार टेलिफोनच्या तारेला जोडलेली नव्हती. एकही नाही. एका यंत्रानं दुसऱ्या यंत्राचं बोलणं नुसतं ऐकायचं.

सात-आठ वर्षांत अशा साडेतीन हजार पेट्या विकल्या गेल्या. एटी अँड टीच्या लेखी हा आकडा म्हणजे काहीच नाही. तरी कंपनीनं ग्राहकांना बजावलं, ही पेटी वापराल तर नियमभंग होईल, कारवाई होईल. कार्टरचं गिऱ्हाईक घाबरलं. साहजिक आहे, फोन कापला तर दुसरा आणायचा कुठून? कंपनी एकच!

आणि हा बाबा कोर्टात गेला. एकीकडं पेट्या विकणारा लहान माणूस, दुसरीकडं देशातल्या बहुतेक तारा हातात असलेली कंपनी. कोर्टानं प्रकरण आयोगाकडं धाडलं. तोच आयोग बरं का, ज्यानं वाटीला नाही म्हटलं होतं. पण २६ जून १९६८ ला त्याच आयोगानं सांगितलं, या पेटीनं जाळ्याचं काही बिघडलेलं नाही, तुमची सरसकट बंदी अन्यायाची आणि बेकायदा आहे. अपाय करत असेल ती वस्तू अडवा. सगळ्यांनाच अडवू नका.

कंपनीनं मग नवी वाट काढली. लावा म्हणे बाहेरची यंत्रं, पण मधे आमचा संरक्षक जोड बसवा, आणि त्याचं महिन्याचं भाडं भरा! म्हणजे दार उघडलं, पण उंबऱ्यावर टोलनाका. हेही फार काळ टिकलं नाही. १९७५ साली आयोगानं स्वतःच कसोट्या ठरवल्या, नोंदणी सुरू केली. यंत्र कसोटीला उतरलं, नोंद झाली, मग ते कुणीही बनवो, लावा खुशाल. भिंतीतल्या खोबणीत टिक करून बसणारी फोनची ती बारकी पिन आहे ना, आपल्या लँडलाइनला असायची, ती त्याच व्यवस्थेतून आली. आणि त्या पिनेवर काय काय आलं! आन्सरिंग मशीन, घरोघरी फॅक्स, मोडेम. मोडेमवरून लोक इंटरनेटला पोचले. वाटीला आणि पेटीला "नाही" म्हणत बसलेल्या कंपनीच्या भरवशावर हे किती लवकर झालं असतं, तुम्हीच बघा.

आता आपल्या मोबाइलकडं येऊ. कंपनीच्या बाजूलाही तथ्य आहे. बनावट चार्जर जीव घेऊ शकतो. २०१३ साली अ‍ॅपलनं काही देशांत नकली चार्जर परत घेऊन स्वस्तात अस्सल द्यायची मोहीम चालवली होती, ती उगी नाही. घाटी दवाखान्याच्या नाहीतर मोंढ्याच्या रस्त्यावर पन्नास रुपयांत मिळणारं चार्जर हातात घेतलं की पेनापेक्षा हलकं लागतं. आत काही असेल तर वजन असेल ना!

पण लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घेऊन जाणाऱ्या श्रोत्यांना मी वेगळं काय सांगू? ओलावा मोजायलाच पाहिजे, याला कुणाचं ना नाही. पण यंत्र खरेदीदाराचं, आकडा खरेदीदार वाचणार आणि भावही तोच पाडणार, तेव्हा पोटात गोळा येतो की नाही? म्हणून म्हणतो, तपासणी हवी, तपासणारा वेगळा हवा. अ‍ॅपल स्वतः केबल विकते, स्वतः इअरफोन विकते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या लाइटनिंग केबलला पास-नापासही तीच करते.

युरोपनं यावर कायदा केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या संसदेत ६०२ विरुद्ध १३ मतांनी ठरलं, चार्जिंगची पिन सगळ्यांची एकच, टाइप-सी. फोनना तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला; आयफोन त्याआधीच, २०२३ मध्ये टाइप-सीवर आला. आपल्याकडंही चार्जरच्या अ‍ॅडॅप्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. अ‍ॅडॅप्टर उलटा करून बारीक अक्षरं वाचा, आर पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते कळतं. ही तपासणी सरकारी, विकणाऱ्याची नव्हे. आर पासून सुरू होणारा क्रमांक, लक्षात ठेवा.

आणि हे फक्त फोनचं नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड ठोठावला. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणानं मिळू देत नाहीत, हा ठपका. पुढं अपिलं झाली, तो वेगळा अध्याय. वाळूजला सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखानदारांनी तो निकाल मुळातून वाचावा.

एक राहिलं. शेतातल्या मोटारीला आता मोबाइल स्टार्टर बसवतात. सिमकार्ड घातलेला डबा. रात्री दोनला लाइट आली की अंथरुणातूनच फोन करून मोटार चालू. कार्टरची पेटीच ती! असले डबे लहान लहान उत्पादक बनवतात. प्रत्येक डब्याला सिम कंपनीची परवानगी आणि वर हप्ता लागला असता, तर तुम्ही अजून बॅटरी घेऊन विहिरीकडं निघाला असता, विंचूकाट्यातून.

पिनेचं भांडण आता मिटल्यासारखं आहे. कुलूप सरकलंय सॉफ्टवेअरमध्ये. दुसऱ्या कंपनीच्या घड्याळावर आयफोनचे मेसेज नीट दिसावेत, दुसऱ्यांचे इअरफोन झटक्यात जोडले जावेत, यासाठी युरोपीय आयोगानं मार्च २०२५ मध्ये अ‍ॅपलला आदेश दिला, आणि अ‍ॅपलनं त्याला कोर्टात आव्हान दिलंय. अ‍ॅपलचा आक्षेप सुरक्षेचा आणि खासगीपणाचा आहे. त्यात काही खरंही असेल. ते तपासावं, पण तपासणारा तिसरा असावा. नमस्कार.