चिपच्या कारखान्याचा घसारा

2014 साली आयबीएम या अमेरिकी कंपनीने आपला चिप बनवण्याचा व्यवसाय ग्लोबलफाउंड्रीज या कंपनीच्या हवाली करण्याचे जाहीर केले. या व्यवहारात पैसे मोजले ते घेणाऱ्याने नव्हे, तर देणाऱ्याने: कारखाने, अभियंते आणि पेटंट यांच्या जोडीला आयबीएमनेच दीड अब्ज डॉलर देऊ केले. चार वर्षांनी, ऑगस्ट 2018 मध्ये, अबुधाबीच्या सरकारी निधीचे पाठबळ असूनही ग्लोबलफाउंड्रीजने 7 नॅनोमीटर चिपचे काम थांबवले (नॅनोमीटरचा आकडा जितका लहान, तितकी प्रक्रिया प्रगत). आघाडीच्या शर्यतीत आज मुख्यतः तैवानची टीएसएमसी, दक्षिण कोरियाची सॅमसंग आणि अमेरिकेची इंटेल एवढ्याच कंपन्या उरल्या आहेत.

अशा प्रगत चिपवरची सूक्ष्म नक्षी प्रकाशाने छापणारे यंत्र नेदरलँड्समधील एएसएमएल कंपनीचे आहे, आणि या जातीचे यंत्र दुसरी कोणतीही कंपनी विकत नाही. वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे 50 हजार वेळा लेसरचा मारा करून त्यातून 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळवला जातो. हा प्रकाश हवाही शोषून घेते आणि काचही. म्हणून सारे काम निर्वात पोकळीत आणि भिंगांऐवजी आरशांच्या साहाय्याने करावे लागते. अशा एका यंत्राची किंमत 15 कोटी डॉलरच्या पुढे जाते, तर त्याच्या नव्या पिढीसाठी सुमारे 35 कोटी युरो, म्हणजे तीन हजार कोटी रुपयांहून अधिक, मोजावे लागतात. या यंत्राचे संशोधन इतके खर्चिक होते की 2012 मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांनी एएसएमएलचे समभाग विकत घेऊन त्याला हातभार लावला.

यंत्राच्या किमतीपेक्षाही जड जाते ते त्याचे अल्प आयुष्य. गोव्यात भांडवली धंदा म्हटला की खाणी आठवतात. मांडवी आणि झुआरीतून मुरगाव बंदराकडे खनिज नेणारा बार्ज एकदा विकत घेतला की डागडुजी करत दशकानुदशके वापरता येतो, आणि खाण बंद राहिली तरी जमिनीखालचे खनिज कुठे जात नाही. चिपच्या कारखान्याला अशी उसंत नसते. टीएसएमसी आपल्या यंत्रांचा घसारा पाच वर्षांत काढते, म्हणजे यंत्राची पूर्ण किंमत तेवढ्या वर्षांच्या खर्चात विभागून धरते. तेवढ्या काळात यंत्राची किंमत वसूल व्हायची तर कारखाना रात्रंदिवस भरलेला हवा, आणि मागणी घटली तरी घसाऱ्याचा आकडा घटत नाही. त्यात नवी प्रक्रिया सुरू केल्यावर प्रत्येक वेफरवरच्या, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवरच्या, कित्येक चिप सदोष निघतात, आणि त्या दुरुस्त होत नाहीत. 2022 या एका वर्षात टीएसएमसीचा भांडवली खर्च सुमारे 36 अब्ज डॉलर, म्हणजे जवळपास तीन लाख कोटी रुपये होता. गोवा सरकारचा 2025-26 चा अर्थसंकल्प सुमारे 28 हजार कोटींचा होता. एका कंपनीच्या एका वर्षाच्या यंत्रखरेदीत आणि बांधकामात आपल्या राज्याचा दहा वर्षांचा कारभार चालला असता.

केवळ भांडवल असूनही भागत नाही. गोव्यातील सेसाची मालकी असलेल्या वेदांताने सप्टेंबर 2022 मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनसह गुजरातेत 1.54 लाख कोटी रुपयांच्या चिप आणि डिस्प्ले प्रकल्पाचा करार केला, आणि जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. दोघांपैकी कोणाकडेही चिप बनवण्याची स्वतःची सिद्ध प्रक्रिया नव्हती.

धोलेरा येथील प्रकल्पात टाटांनी म्हणूनच तैवानच्या पीएसएमसीचे तंत्रज्ञान घेतले. फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर झालेल्या या 91 हजार कोटींच्या प्रकल्पाचे लक्ष्य महिन्याला 50 हजार वेफरचे असून तो 28 नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या प्रक्रियांसाठी आहे. मोटारी आणि वीजनियंत्रण यांसाठी अशाच चिप मोठ्या संख्येने लागतात, त्यामुळे ही निवड शहाणपणाची वाटते. तथापि टीएसएमसीचे 28 नॅनोमीटरचे उत्पादन 2011 मध्येच सुरू झाले आहे. तिथल्या जुन्या यंत्रांचा घसारा केव्हाच संपलेला असल्याने तैवानला भाव उतरवणे परवडते; नव्या कारखान्याला त्याच भावात विकताना यंत्रांची किंमतही वसूल करायची असते. केंद्र सरकार प्रकल्पखर्चाचा अर्धा वाटा उचलते त्यामागे हे एक सबळ कारण आहे.

गोव्यात असा कारखाना यावा, अशी इच्छा अधूनमधून व्यक्त होते. आपली वीज बहुतांशी राज्याबाहेरून येते, आणि वर सांगितलेल्या एएसएमएलच्या एका यंत्रालाच सुमारे एक मेगावॉट वीज लागते. अतिशुद्ध पाण्याची गरज वेगळीच. जमिनीचा प्रश्न तर कोणत्याही गोमंतकीयाला समजावून सांगायला नको.

झुआरीनगर, फर्मागुढी आणि कुंकळ्ळी येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना चिपच्या आराखड्याचे काम मात्र आवाक्यातले आहे. तेही स्वस्त नाही: आराखड्याचे सॉफ्टवेअर मोजक्या कंपन्यांकडेच मिळते आणि प्रगत चिपच्या एका मास्क संचाला, म्हणजे आराखडा वेफरवर छापण्याच्या साच्यांना, कोट्यवधी डॉलर पडतात. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणन संशोधन संस्थेच्या चिपइन केंद्रामार्फत देशातील शैक्षणिक संस्थांना हे सॉफ्टवेअर सामायिकपणे उपलब्ध करून दिले जाते, आणि विद्यार्थ्यांचे आराखडे मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत 180 नॅनोमीटर प्रक्रियेवर उतरवले जातात. अनेक संस्थांचे आराखडे एकाच वेफरवर शेजारी शेजारी बसवले, की मास्कचा खर्च त्या सर्वांमध्ये वाटला जातो.