सही करायच्या आधी एवढं विचारा: दवाखान्यातले आपले हक्क आणि आपली जबाबदारी

नमस्कार मंडळी.

हा कागद जरा जवळून बघा. ऑपरेशनच्या आधी ज्याच्यावर सही घेतात, त्या संमतीपत्राचा हा कोरा नमुना. वर पेशंटचं नाव, खाली सहीची रेघ आणि मधे ही मोकळी जागा. इथं ऑपरेशनचं नाव लिहायचं असतं. आपल्या भागात कित्येकदा ही जागा तशीच राहते आणि खाली अंगठा मात्र उमटलेला असतो. पेशंट स्ट्रेचरवर, घरच्यांचा जीव टांगणीला, कुणीतरी म्हणतं "इथं करा, इथं करा", आणि आपण करत जातो.

पेशंटच्या हक्कांची यादी मोठी आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये सनद तयार केली. महाराष्ट्रानं जानेवारी २०२१ मध्ये खासगी दवाखान्यांच्या नोंदणीच्या नियमांतच रुग्णहक्क सनद घातली. ती दर्शनी भागात लावलेली असली पाहिजे. पण मला विचाराल तर सगळ्याची सुरुवात या मोकळ्या जागेपासून होते.

आपल्या बीडचंच बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या, म्हणजे गर्भाशय, काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी ऐन तिशीतल्या. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय म्हणून बाई दवाखान्यात जाते, आणि तिला सांगितलं जातं, "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल." तिकडं फडावर एक दिवस खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ रक्कम, तर आधीच घेतलेली. अशा बाईनं अंगठा दिला, तर त्याला संमती म्हणायचं का? मी म्हणणार नाही.

कायदाही म्हणत नाही. दिल्लीच्या समीरा कोहली यांचा खटला अगदी याच गोष्टीचा होता. त्यांनी फक्त दुर्बिणीनं तपासणी करायला होकार दिला होता. त्या भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय काढलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, मग संमती तिचीच पाहिजे. तपासणीला दिलेला होकार ऑपरेशनला चालत नाही. म्हणजे ताई, तुमच्या पिशवीचा निर्णय नवऱ्याच्या सहीनं होत नाही, सासूच्या तर नाहीच नाही.

मग विचारायचं काय? मला नेमकं झालंय काय. गोळ्या-औषधांनी भागेल का. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल. आजच करायला पाहिजे, की आठ दिवस थांबलं तर चालेल. खर्च किती. डॉक्टरांनी हे मराठीत, तुम्हाला कळेल असं सांगायचं आहे. कागद इंग्रजीत असेल तर वाचून दाखवा म्हणायचं. आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून येतो, असं म्हणायला अजिबात लाजू नका. बीडमध्ये तर त्या प्रकरणानंतर खासगीत पिशवी काढायला सिव्हिल सर्जनची, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखांची, परवानगी लागायला लागली.

दुसऱ्या डॉक्टरकडं जायचं तर कागद हातात पाहिजेत. लेखी अर्ज द्या, ७२ तासांत केस पेपर आणि रिपोर्टच्या नकला देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. "फाईल आमच्याकडंच राहते" हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

तातडीच्या वेळी, म्हणजे अपघात, साप चावणं, अडलेलं बाळंतपण, आधी डिपॉझिट भरा मग हात लावतो, असं चालत नाही. जीव वाचवायचे उपचार आधी, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय. बिल राहिलं म्हणून पेशंटला अडकवून ठेवता येत नाही, मृतदेह तर नाहीच. बिल मात्र आपल्याला द्यायचं आहे, ते बुडवायचा हक्क कुणी दिलेला नाही. तपशीलवार मागा, एकेक ओळ तपासा. औषधं त्याच दवाखान्याच्या मेडिकलमधून घ्यायची सक्ती नाही.

पैशांचं थोडक्यात. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, भरती होतानाच त्याला गाठा. धर्मादाय दवाखान्यात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या खर्चात ठेवाव्या लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पण छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडं येतं, तिथं तो निर्णय लागू नव्हता. लोक इथं फसतात आणि खिडकीवरच्या माणसाशी उगाच भांडतात.

आता आपली बाजू, आणि ही मी जीव तोडून सांगतोय. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात ना, तेव्हा मावशी पदराआड कप धरून चहा पाजतात. "सकाळपासून पोटात काही नाही हो त्याच्या." भुलीत तो चहा उलटून फुप्फुसात जाऊ शकतो, माणूस दगावू शकतो. पाजलाच असेल तर निदान सांगा. तसंच तंबाखू, दारू, बीपी-शुगरच्या गोळ्या, रक्त पातळ करायची गोळी, गावातल्या कुणाचा काढा, आधी कुठं घेतलेलं इंजेक्शन. डॉक्टर विचारतात तेव्हा "काही नाही, काही नाही" म्हणून मान हलवू नका. तुम्ही लपवलंत, तर चांगला डॉक्टरसुद्धा चुकेल.

आणि मारहाण नको. घाटीच्या अपघात विभागात रात्री जाऊन बघा, जालना, बीड, परभणी, कुठून कुठून गाड्या येत असतात. तिथं छत्तीस तास उभं असलेलं डॉक्टर पोरगं आपल्यापैकीच कुणाचं तरी आहे. २०१० च्या कायद्यानं दवाखान्यात मारहाण-तोडफोड हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. शिवाय गोंधळात तुमचा खरा मुद्दा वाहून जातो.

तक्रार असेल तर लेखी द्या, पोच घ्या. आधी दवाखान्याच्या तक्रार निवारण कक्षात, मग खासगी दवाखाना तालुक्यात असेल तर सिव्हिल सर्जनकडं, महापालिका हद्दीत असेल तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडं. डॉक्टरांच्या वागण्याबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. पैसे भरून उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षांची.

तुमचे प्रश्न खाली कॉमेंटमध्ये लिहा, मी वाचतो. फक्त पेशंटचं नाव आणि रिपोर्टचे फोटो तिथं टाकू नका, आजार कुणाला कळू द्यायचा हे त्या पेशंटला ठरवू द्या.