गोलाचे घनफळ आणि भास्कराचार्यांची उपपत्ती

दहावीच्या महत्त्वमापनाच्या प्रकरणात गोलाची दोन सूत्रे येतात: पृष्ठफळासाठी चार पाय त्रिज्येचा वर्ग आणि घनफळासाठी चार तृतीयांश पाय त्रिज्येचा घन. ती पाठ होतात, उदाहरणे सुटतात, गुणही मिळतात. पण त्यांतला चार कोठून आला आणि तृतीयांश कोठून आला, हे वर्गात क्वचितच विचारले जाते. विचारायला हवे, कारण त्याचे एक देखणे उत्तर इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी लिहून ठेवले आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, आणि त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद येथील शिलालेखात आजही वाचता येते. शिकवले जाणारे गणित कसे होते? ‘लीलावती’तले एक उदाहरण पाहू. सात व्यासाच्या चेंडूचे पृष्ठफळ आणि घनफळ किती? नियम असा, की वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट केले की पृष्ठफळ, आणि पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ. पायची किंमत २२/७ धरली, तर वर्तुळाचे क्षेत्रफळ ३८.५, पृष्ठफळ १५४ आणि घनफळ १७९ पूर्णांक २/३ येते.

यामागचे कारण भास्कराचार्यांनी आपल्याच ‘सिद्धान्तशिरोमणी’ ग्रंथातल्या ‘गोलाध्याय’ या भागावर लिहिलेल्या भाष्यात सांगितले आहे. गोलाच्या पृष्ठभागाचे एकेक चौरस एककाचे तुकडे कल्पावेत आणि प्रत्येक तुकड्यापासून थेट केंद्रापर्यंत निमुळती होत जाणारी एक सूची कल्पावी. अशा सगळ्या सूची एकमेकींना लागून बसल्या की गोल पुरता भरतो, मध्ये कोठेही पोकळी उरत नाही. सूचीचे घनफळ तिच्या तळाच्या क्षेत्रफळाला उंचीने गुणून येणाऱ्या संख्येचा तिसरा हिस्सा असते, आणि इथे प्रत्येकीची उंची त्रिज्येइतकी, म्हणजे निम्म्या व्यासाइतकी आहे. निम्म्याचा तिसरा हिस्सा म्हणजे सहावा हिस्सा; नियमातले सहा येथून आले.

उरला चार. त्यासाठी त्यांनी ९६ हात परिघाचा गोल घेतला आणि आवळ्यावर दिसतात तशा उभ्या रेषांनी त्याच्या पृष्ठभागाच्या ९६ फाका केल्या, म्हणजे प्रत्येक फाक मध्यावर बरोबर एक हात रुंद झाली. वर आणि खाली फाकेची रुंदी कशी घटत जाते, हे त्यांनी वर्तुळपादाच्या, म्हणजे पाव वर्तुळाच्या, चोवीस ज्यांवरून (ज्या म्हणजे आजच्या साइनसारखी राशी) काढले आणि बेरीज केली, तेव्हा एका फाकेचे क्षेत्रफळ सुमारे साडेतीस चौरस हात भरले. त्या गोलाचा व्यासही तितकाच आहे. म्हणून सगळे पृष्ठफळ परिघ गुणिले व्यास, आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ याच्या चौथाई असल्याने ते चार वर्तुळांइतके. हेच निष्कर्ष आर्किमिडीजने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात वेगळ्या रीतीने सिद्ध केले होते. भास्कराचार्यांची रीत आजच्या अर्थाने पूर्ण सिद्धता नाही, पण बारीक तुकडे करून बेरीज घेण्याचा विचार तिच्यात स्वच्छ दिसतो, आणि मला तो सूत्रापेक्षा मोलाचा वाटतो. याआधी इ. स. ४९९ मध्ये आर्यभटांनी दिलेला घनफळाचा नियम याच चेंडूसाठी जवळजवळ २३९ हे उत्तर देतो, म्हणजे खऱ्याच्या सुमारे तृतीयांशाने जास्त.

कारण कळले की उदाहरणातल्या आडवळणाच्या जागाही सुटतात. हाच चेंडू मधोमध कापला, तर अर्धगोलाचे वक्रपृष्ठफळ ७७ होते, पण एकूण पृष्ठफळ विचारले असेल, तर कापलेल्या सपाट बाजूचे ३८.५ मिळवून ते ११५.५ होते. त्याच अर्धगोलावर तेवढ्याच त्रिज्येचा शंकू बसवला, की ती सपाट बाजू आत झाकली जाते, म्हणून पृष्ठफळात ती धरायची नाही आणि दोन्ही वक्रपृष्ठफळांचीच बेरीज करायची; घनफळात मात्र दोन्ही भाग पूर्ण मोजायचे.